गावाचा पर्यावरण आराखडा कसा करायचा: आधी विहिरीत दोरी सोडा

मी मराठवाड्यातल्या एका छोट्या गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो, आणि त्या पाच वर्षांत आराखडा या शब्दाचा मला जेवढा राग आला तेवढाच नंतर त्याचा उपयोगही कळला. म्हणून हे लिहितोय. ज्यांना आपल्या गावात पाणी, कचरा, झाडं, वीज याबद्दल खरंच काहीतरी करायचंय, मग तुम्ही सदस्य असा, सरपंच असा, बचतगटातल्या ताई असा किंवा नुसते ग्रामसभेत मागे उभे राहणारे असा, त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट. बऱ्याच लोकांना वाटतं पर्यावरण हे वनखात्याचं नाहीतर मुंबईतल्या मंत्रालयाचं काम आहे, ग्रामपंचायतीनं फक्त रस्ते आणि दिवाबत्ती बघायची. असं नाहीये. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली आणि तिच्यासोबत जी अकरावी अनुसूची आली त्यात पंचायतीकडे द्यायचे २९ विषय आहेत. त्यात मृद संधारण आहे, पाणलोट आणि पाणी व्यवस्थापन आहे, सामाजिक वनीकरण आहे, पिण्याचं पाणी आहे, स्वच्छता आहे, अपारंपरिक ऊर्जा पण आहे. म्हणजे कागदावर अधिकार आहे, आणि दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा करावाच लागतो (आपल्याकडे "आमचं गाव आमचा विकास" नावानं तो माहितीये), त्यामुळे वेगळा पर्यावरण आराखडा करत बसू नका. जो आराखडा तसाही होणारच आहे त्याच्यातच हे सगळं घुसवायचं. वेगळी फाईल केली की ती कपाटात जाते आणि पैसा मात्र मुख्य आराखड्यातल्या कामांना जातो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

तुमच्या गावाचा आराखडा आत्ता कुठे आहे ते बघा

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा टाकलेला असतो आणि तो कुणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. मोबाईलवर "मेरी पंचायत" अॅपमध्ये पण दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे आराखडे उघडा. कामांची नावं वाचा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला दिसेल सिमेंट रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, आणि पाण्याच्या रकान्यात पाइपलाइन दुरुस्ती. आमच्या गावातही तेच होतं, सलग तीन वर्षं, आणि गंमत नाही, पण त्या तिन्ही उन्हाळ्यांत गावात टँकर आला होता.

हे वाचून कुणावर चिडू नका. सरपंचाला आणि ग्रामसेवकाला (आता हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी झालाय) तालुक्यावरून फोन येतो, आठ दिवसांत आराखडा अपलोड करा, मग ते मागच्या वर्षीची यादी काढतात आणि थोडी फिरवून टाकतात. तुम्ही त्यांना त्या आठ दिवसांच्या आधी तयार माल दिलात तर ते घेतात, कारण त्यांचं पण काम हलकं होतं.

मोजणी, इथे घाई करायची नाही

आराखडा फसतो तो इथेच. आपण थेट कामांवर उडी मारतो, बंधारा पाहिजे, झाडं लावू, सोलर लावू. पण आपल्या गावात पाऊस किती पडतो, त्यातलं मुरतं किती, उपसतो किती हे कुणी मोजलेलंच नसतं.

सुरुवात विहिरीपासून करा. गावाच्या शिवारातल्या वेगवेगळ्या भागांतल्या आठ-दहा विहिरी निवडा, डोंगराकडची एक, ओढ्याकाठची एक, गावठाणाजवळची एक, अशा. दोरीला दगड बांधा, मीटर-मीटरवर गाठ मारा आणि काठापासून पाणी किती खोल लागतं ते लिहून ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्यांच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते, तुम्ही पण तेच महिने धरा म्हणजे त्यांच्या आकड्यांशी आपले जुळवून बघता येतात. मोजायच्या आधी काही तास मोटर बंद पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. शाळेतली मुलं हे काम फार मन लावून करतात, फक्त काठाशी मोठं माणूस उभं पाहिजे.

पर्जन्यमापक पण गावातच बसवा, साधा, शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात, झाडाखाली नाही. महसूल मंडळाचा आकडा येतो पण तो दहा-बारा किलोमीटरवरचा असू शकतो आणि आपल्याकडचा पाऊस आजकाल एका शिवारात पडतो नि दुसऱ्यात नाही.

आता हिशोब. हा जरा लांब आहे पण अख्ख्या लेखात एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. तुमच्या गावाचं क्षेत्र धरा १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी, तर वर्षाला गावावर ५०० कोटी लिटर पाणी पडतं. ऐकायला प्रचंड वाटतं. पण आपला बराच महाराष्ट्र काळ्या पाषाणावर बसलाय, त्यात पाणी जमिनीत मुरण्याचं प्रमाण ढोबळ मानानं दहा टक्क्यांच्या आसपास धरतात, खडक चांगला सच्छिद्र असेल तर थोडं जास्त, घट्ट पाषाण असेल तर बरंच कमी. म्हणजे विहिरींच्या भरवशाचं पाणी झालं साधारण ५० कोटी लिटर. बाकीचं मातीच्या ओलाव्यात, पिकात, झाडात, बाष्पात आणि ओढ्यातून पुढच्या गावाला गेलं.

त्यातून आधी पिण्याचं काढा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. २००० माणसांचं गाव असेल तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर. जनावरं १००० आणि प्रत्येकी रोज ५० लिटर धरलं तर पावणेदोन-दोन कोटी. राहिले ४४ कोटी लिटर.

आता हे ४४ कोटी शेतीला. ऊस मोकाट पाणी देऊन केला आणि हेक्टरी २००० मिमी पाणी धरलं तर एका हेक्टरला २ कोटी लिटर लागलं. म्हणजे अख्ख्या गावात मिळून २२ हेक्टर ऊस झाला की पाणी संपलं. त्याच पाण्यात गहू केला, हेक्टरी ४५० मिमी धरून, तर जवळपास १०० हेक्टर होतो. हरभरा केला आणि तीन-चार पाण्यांत २०० मिमी दिलं तर २२० हेक्टर भिजतो. ही ढोबळ आकडेमोड आहे, तुमच्या जमिनीप्रमाणे, ठिबक आहे की पाट त्याप्रमाणे बदलेल, कृषी सहायकाला बसवून तुमचे आकडे काढा. पण चित्र कळतं ना. आणि अजून एक, पाच एकर ऊस म्हणजे २००० माणसांचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. हे वाक्य आम्ही ग्रामसभेत फळ्यावर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा सगळी सभा गप्प झाली होती.

हिवरे बाजारनं (अहिल्यानगर जिल्हा) नेमकं हेच केलंय आणि वर्षानुवर्षं करतंय. पोपटराव पवार सरपंच झाले त्यानंतर आदर्श गाव योजनेतून तिथं डोंगरावर चर, बंधारे, झाडं सगळं झालं, पण माझ्या मते त्या गावाचं खरं काम आहे ते पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत ठरवायचं की यंदा रब्बीत कुठलं पीक किती. ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत, शेतीसाठी बोअर नाही. बंधारे बघायला लोक बसगाड्या करून जातात पण तो ताळेबंदाचा फळा बघून यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बंधारा पैशानं होतो, पीक बदलायला शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

बोअरबद्दल सांगून ठेवतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढची विहीर ही खोल विहीर धरलीय आणि शेती-उद्योगासाठी ती घ्यायला बंदी आहे. प्रत्यक्षात ५००-७०० फूट बोअर रोज मारले जातात हे सगळ्यांना माहिती. ग्रामपंचायत पोलीस नाही, पण सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ कुणी बोअर घेतोय तर ठराव करून तहसीलदाराला कळवणं हे पंचायतीचं काम आहे आणि ते वेळेत केलं तर फरक पडतो. आमच्याकडे उशीर झाला, बोअर होऊन गेला, गावच्या विहिरीचं पाणी दोन महिने आधी आटलं.

शिवारफेरी आणि बाकीची नोंद

पाण्यानंतर बाकीचं जरा पटकन होतं. एक दिवस ठरवून शिवारफेरी करा, माथा ते पायथा, गावनकाशा हातात घेऊन. जुने बंधारे कुठे आहेत, त्यातले किती गाळानं भरलेत, किती फुटलेत, गायरान किती उरलंय, ओढ्यात गावचं सांडपाणी कुठून उतरतं, कचरा कुठे टाकतात नि कुठे जाळतात. बायकांना सोबत घ्या हे सांगायला नको पण सांगतोच, कारण कुठल्या हापशाला पाणी खारट येतं आणि कुठल्या नळाला फेब्रुवारीतच धार कमी होते ते त्यांनाच माहिती असतं. जलजीवनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं असतं, तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत ते शोधा, किट कपाटात पडलंय का ते बघा.

नोंदीला चौकट पाहिजे असेल तर माझी वसुंधरा अभियानाची घ्या. राज्याच्या पर्यावरण विभागानं २ ऑक्टोबर २०२० ला ते सुरू केलं, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच भागांत गावाचं मूल्यमापन करतात नि गुण देतात. चौकट चांगली आहे, लोकांना पंचमहाभूतं लगेच कळतात, भूमी म्हणजे झाडं, माती, कचरा, अग्नी म्हणजे ऊर्जा, आकाश म्हणजे जागृती, वगैरे. माझी अडचण एवढीच की गुणांसाठी फोटो लागतात आणि मग काम फोटोपुरतं होतं. तुम्ही चौकट वापरा, बक्षीस आलं तर आनंद, पण ताळेबंद गुणांसाठी वाकवू नका.

जैवविविधता समितीचं पण बघा. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती पाहिजे आणि लोकजैवविविधता नोंदवही पाहिजे. नोंदवही बहुतेक ठिकाणी झालीय, पण एजन्सीनं येऊन भरून दिलीय, शेजारच्या गावाची नि आपली सारखीच. ती मागून घ्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर वाचा. आमच्याकडे एका आजोबांनी ऐकता ऐकता सांगितलं की यात लिहिलेलं ऐनाचं झाड आपल्या शिवारात कधी नव्हतंच आणि जो पळस-मोह-बिब्बा होता त्याचं नावच नाही. ती वही परत लिहिली, चार महिने लागले, पण नंतर कुठली झाडं लावायची हा वाद एकदाच मिटला.

मग कामं ठरवा, आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं

कामांची यादी करताना आम्ही एक नियम केला होता, प्रत्येक कामापुढे दोन नावं, पैसा कुठून येणार आणि झाल्यावर सांभाळणार कोण. दुसरा रकाना रिकामा असेल तर काम यादीत घ्यायचं नाही. हा नियम आम्हाला महागात पडून सुचला. पहिल्या वर्षी आम्ही गायरानात आठशे झाडं लावली, मंत्र्यांच्या हस्ते नाही पण तसाच थाट होता, खड्डे चांगले होते, रोपं चांगली होती, मार्चपर्यंत निम्मी गेली आणि मे अखेर मोजली तेव्हा चाळीसही नव्हती. कारण टँकरचं पाणी कोण घालणार हे कुणी ठरवलं नव्हतं, कुंपण नव्हतं नि शेळ्या होत्या. तो शेळीवाला पण गावचाच, त्याला चराईला दुसरी जागा कुठली ते पण आम्ही विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी रोजगार हमीतून बिहार पॅटर्ननं केलं, त्यात लावलेल्या झाडांची देखभाल तीन वर्षं ठरलेल्या कुटुंबांकडे असते आणि त्याची मजुरी जगलेल्या झाडांवर मिळते. दीडशेच झाडं लावली. आज त्यातली बरीचशी माणसाच्या वर गेलीत. झाडं कुठली लावायची तर कडुनिंब, वड, पिंपळ, करंज, चिंच, आपल्या मातीतली. सुबाभूळ, निलगिरी लवकर वाढतात म्हणून रोपवाटिकेतून तीच दिली जातात, नको म्हणा.

पाणलोटाची कामं माथ्यापासून खाली करत या, आधी डोंगरावर सलग समतल चर, मग नाल्यात दगडी बांध, मग खाली सिमेंट बंधारा. उलट केलं तर वरून गाळ येऊन खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत भरतो. नवीन बंधारा मागायच्या आधी शिवारफेरीत सापडलेल्या जुन्यांचा गाळ काढा, स्वस्तात पडतं आणि गाळ शेतकरी स्वखर्चानं उचलून नेतात. नाला खोलीकरणाबाबत मात्र सावध रहा. जेसीबी आला की लोकांना उत्साह येतो आणि मुरूम लागला तरी खाली खणत जातात, मग शेजारच्या विहिरींचं पाणी त्या चरात उतरून उडून जातं. भूवैज्ञानिकाला एकदा बोलवा, भूजल यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याला असतं, पत्र दिलं की माणूस येतो.

सांडपाण्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी हे केलं आणि गावातले डास जवळपास गेले, मग ते मॅजिक पिट म्हणून जिल्हाभर पसरलं. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मधे वरच्या भागात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती मोठे दगड, न्हाणीचा पाइप टाकीत. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत नि जमिनीत जातं. टाकीतला गाळ अधूनमधून काढावा लागतो हे घरातल्या माणसाला नीट दाखवून द्या, नाहीतर दोन वर्षांनी तुंबतो. संडासचं पाणी यात सोडायचं नाही, पिण्याच्या विहिरीजवळ घ्यायचा नाही, आणि चिकण काळ्या जमिनीत पाणी मुरत नसेल तर परसबागेला किंवा एकत्र स्थिरीकरण तळ्याला (सांडपाणी साठवून निवळू द्यायचं तळं) वळवा. गटारी बांधायला गावात फार ओढ असते, पण बंद गटारीचं पाणी शेवटी ओढ्यातच जातं, घाण फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात.

कचऱ्याचं, घरातच ओला-सुका वेगळा, एवढंच जमलं तरी ऐंशी टक्के काम झालं असं मी म्हणेन. गावात ओला कचरा तसा उकिरड्यात जातोच, सामूहिक करायचा तर नाडेप टाकी चांगली, यवतमाळकडच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी काढलेली, म्हणून नाव नाडेप. विटांची, भिंतीत हवेला भोकं, १० बाय ६ बाय ३ फूट. अडचण सुक्याची, त्यातही प्लॅस्टिकची. ते जाळू नका, आठवड्यातून एकदा गोळा करून साठवायला शेड पाहिजे आणि तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्राशी किंवा भंगारवाल्याशी लेखी बोलणं पाहिजे. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं डम्पिंग ग्राउंडचं चक्क बघायला जायचं ठिकाण केलं, कचरा घरापासूनच वेगवेगळा घेऊन, ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिक रस्त्यात. आधी त्यांनी वेगळा न केलेला कचरा उचलायचाच बंद केला, बाकी सगळं त्याच्या नंतरचं.

विजेचं थोडक्यात. शंभर पथदिवे ४० वॅटचे काढून २० वॅटचे एलईडी लावले आणि रोज १२ तास जळले तर वर्षाला ८७६० युनिट वाचतात. पाणीपुरवठ्याच्या पंपाचं बिल हा बहुतेक पंचायतींचा सगळ्यात मोठा खर्च, तिथं सोलर लगेच फिटतो. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीनं तर घरं-पथदिवे सगळंच सौरवर नेलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरान सौर प्रकल्पाला दिलं तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात, पैसा चांगला आहे, पण त्या गायरानावर कुणाची जनावरं चरतात ते आधी शिवारफेरीच्या वहीत बघा आणि त्या लोकांना सभेत बोलू द्या. आमच्याकडे एकाच गायरानावर झाडं, सोलर आणि चराई असे तीन दावे होते. शेवटी तुकडे पाडून वाटणी केली, कुणीच पूर्ण खूश नाही, पण भांडण पण नाही.

पैसा

१५व्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ साठी निधीचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं नि पुनर्वापर यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पर्यावरणाला पैसा नाही हे खरं नव्हतं, तो रस्त्यावर खर्चायची परवानगीच नव्हती, पण पाइप आणि गटारीच्या नावानं तो निघून जायचा. पुढच्या आयोगाचा निधी येईल तसे त्याचे नियम पंचायतीकडून लेखी मागून घ्या. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी २८० रुपये असा निकष ठेवला, २००० च्या गावाला हे झाले १ लाख २० हजार आणि ५ लाख ६० हजार. त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगातून टाकायचा असतो हे लक्षात ठेवून आराखड्यात आधीच तरतूद दाखवा, नाहीतर प्रस्ताव परत येतो.

देखभालीला मात्र कुठलीच योजना पैसे देत नाही, तो घरपट्टी-पाणीपट्टीतूनच काढावा लागतो. वसुलीचं छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याकडून शिकण्यासारखं आहे, भास्करराव पेरे पाटलांच्या काळात तिथं कर भरणाऱ्याला दळण मोफत, शुद्ध पाणी, गरम पाणी असं परत मिळायचं आणि वसुली आपोआप झाली.

ग्रामसभा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, निदान या चार. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते म्हणून तुमचा ताळेबंद आणि कामांची यादी त्या सभेआधी तयार पाहिजे, म्हणजे शिवारफेरी सप्टेंबरमध्येच. पण ऑक्टोबरच्या विहिरींचे आकडे नंतर येतात, ते आले की रब्बीच्या पेरणीआधी खास सभा लावून घ्या, पीक त्या सभेत ठरवायचं. ग्रामसभेआधी महिला सभा आणि वॉर्ड सभा घ्यायची तरतूद आहे, ती घ्यायला लावा, पाण्याचा विषय तिथूनच ठराव होऊन आला की मुख्य सभेत कुणी सहज उडवत नाही.

गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहिती आहे, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा जणांत पण आराखडा मंजूर होतो. म्हणून पहिल्याच सभेला माणसं जमवा, घरोघर जाऊन. ठराव तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घ्या आणि वाचून दाखवायला सांगा. पोर्टलवर आराखड्याची थीम (संकल्प) निवडावी लागते, ती निवडताना शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पना आहेत त्यातल्या "जलसमृद्ध गाव" आणि "स्वच्छ आणि हरित गाव" या घ्या, सगळ्या नऊ घेऊ नका, पोर्टलवर संकल्प निवडला की त्या प्रमाणात कामं दाखवावी लागतात आणि तुमच्या यादीला आधार मिळतो.

विरोध होईल. ऊसवाल्याला वाटेल सगळे आपल्यावर आलेत, आणि ते बरोबर पण आहे, त्यानं कर्ज काढून पाइपलाइन केलेली असते, कारखान्याचा हमखास पैसा असतो, हरभऱ्याचा भाव कुणी सांगू शकत नाही. त्याला ऊस बंद कर म्हणू नका. ठिबक कर, खोडवा किती वर्षं ठेवायचा ते बघ, नवीन लागण यंदा नको, असं एकेक बोला. आमच्या गावात बंदी कधीच झाली नाही, पण तीन वर्षांत पाटपाण्याचा बराचसा ऊस ठिबकवर गेला नि दोघांनी मोसंबीकडे वळवलं.

वर्षभर

पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर फळा रंगवून घ्या. पाऊस, आठ विहिरींची पातळी, मंजूर कामं, खर्च, सांभाळणाऱ्याचं नाव. चार वेळा बदलायचा. व्हॉट्सअॅपवरचा फोटोवाला ग्रुप वेगळा, हा फळा वेगळा, कारण ग्रुपवर वर गेलेलं कुणी परत बघत नाही आणि फळा रोज रस्त्यानं जाताना दिसतो. आकडा वाईट आला तरी लिहायचा. एका मे महिन्यात सगळ्या विहिरी मागच्या वर्षीपेक्षा खाली गेल्या होत्या, सरपंच म्हणाले हे नको लिहायला, लोक म्हणतील काम करून काय झालं. लिहिलं. त्याच आठवड्यात दोन शेतकरी स्वतःहून आले की आमची पण विहीर यादीत घ्या, आता अकरा आहेत.

नगरपालिका-महापालिकेतल्या लोकांसाठी एवढंच, महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण स्थिती अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो, तो मागून घ्या आणि मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवून वाचा, बऱ्याचदा आकडेच काय, परिच्छेद पण तेच सापडतात. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, झाडावर नोटीस लागली की हरकत लेखी द्या, मुदतीत, पोच घेऊन. आणि ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, तुमच्या गल्लीतला वड त्यात बसतो का ते बुंध्याचा घेर मोजून अर्जात लिहा.